कार्डिओ व्यायाम : सातत्य हवे, तोचतोपणा नको

ट्रेडमिल आज आरोग्याचे प्रतीक मानले जात असले, तरी त्याचा पूर्वज तुरुंगात जन्मला. विल्यम क्यूबिट या इंग्रज अभियंत्याने १८१८च्या सुमारास कैद्यांसाठी पायऱ्यांचे एक मोठे फिरते चाक तयार केले. कैद्यांनी तासन्‌तास त्या पायऱ्या चढत राहायचे आणि चाक फिरवत राहायचे, अशी ही सक्तमजुरी होती. पुढे हे चाक अमेरिकेतही गेले. न्यूयॉर्कच्या तुरुंगातील त्याच्या वापराविषयी जेम्स हार्डी याने १८२४ साली लिहिताना एक मार्मिक निरीक्षण नोंदवले. कैद्यांना त्यातील कष्टांपेक्षा कधीच न बदलणाऱ्या एकसुरीपणाची अधिक धास्ती वाटते, असे त्याचे म्हणणे होते. ब्रिटनमध्ये १८९८च्या कायद्यानंतर ही शिक्षा बंद झाली. एकसुरीपणाचा तो त्रास मात्र आजच्या वातानुकूलित व्यायामशाळेतही पाहायला मिळतो.

नववर्षाच्या संकल्पाने जिममध्ये नाव घातले जाते. वर्षभराची वर्गणी भरली जाते, नवे बूट येतात. पहिल्या दिवशी प्रशिक्षक ट्रेडमिलवर ताशी साडेपाच किलोमीटरचा वेग लावून देतो आणि तीस मिनिटे चालायला सांगतो. पुढचे तीन महिने तेच यंत्र, तोच वेग, तीच तीस मिनिटे आणि समोर तोच दूरचित्रवाणी संच. पहिल्या महिन्यात दम लागणे कमी होते, वजन थोडे उतरते, उत्साह वाढतो. नंतर काटा हलेनासा होतो. गुडघा कुरकुरू लागतो. परीक्षा, लग्नसराई किंवा पाऊस यांपैकी एखादे निमित्त मिळते आणि जिम सुटते. अशा वेळी दोष स्वतःच्या आळसाला दिला जातो. वास्तविक अनेकदा दोष आखणीचा असतो.

ही गोष्ट केवळ वाया गेलेल्या वर्गणीपुरती नाही. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासातील दक्षिण आशियाई रुग्णांची माहिती २००७ साली प्रसिद्ध झाली. हृदयविकाराचा पहिला झटका येण्याचे सरासरी वय दक्षिण आशियात ५३, तर इतर देशांत जवळपास ५९ असल्याचे तीत दिसून आले. म्हणजे ज्या वयात मुलांची शिक्षणे आणि घराचे हप्ते चालू असतात, त्याच वयात येथे हृदय दगा देते. अशा समाजात सुरू केलेला कार्डिओ व्यायाम टिकणे, हे तो सुरू होण्याइतकेच महत्त्वाचे ठरते.

शरीर दाद देईनासे का होते?

हृदय आणि फुप्फुसे यांना काही काळ नेहमीपेक्षा अधिक काम करायला लावणारा, मोठ्या स्नायूंचा लयबद्ध व्यायाम म्हणजे कार्डिओ. चालणे, धावणे, सायकल चालवणे, पोहणे, दोरीवरच्या उड्या हे सारे त्यात येतात. असा व्यायाम नियमित केला, की शरीर त्या कामाशी जुळवून घेते. हृदय एका ठोक्यात अधिक रक्त बाहेर टाकू लागते, त्यामुळे विश्रांतीच्या वेळचे ठोके कमी होतात. स्नायूंमधील केशवाहिन्यांचे जाळे दाट होते. पेशींतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांची क्षमता वाढते. हालचालही सराईत होते आणि तेच काम कमी श्रमात पार पडते.

ही प्रगतीचीच खूण आहे. अडचण एवढीच, की पहिल्या आठवड्यात जे काम हृदयाला आव्हान वाटत होते, ते बाराव्या आठवड्यात आव्हान उरत नाही. तेवढाच व्यायाम चालू ठेवल्यास मिळवलेली क्षमता टिकते, वाढत मात्र नाही. दुसरीकडे सांधे, स्नायुबंध आणि तळपाय यांच्यावर रोज त्याच जागी, त्याच कोनातून ताण पडत राहतो. धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन ते तीन पट भार जमिनीकडून पायावर परत येतो. तीस मिनिटांत अशी हजारो पावले पडतात. लाभ थांबलेला आणि झीज चालू, अशी ही अवस्था असते.

त्यावर उपाय म्हणजे विविधता. पण विविधता म्हणजे रोज मनाला येईल त्या यंत्रावर चढणे नव्हे. कोणती गोष्ट कायम ठेवायची आणि कोणती बदलायची, हे आधी ठरले पाहिजे.

काय बदलू नये?

आठवड्याची एकूण बेरीज बदलू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेचा किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा. दोन्हींचे मिश्रणही चालते, कारण जोरकस व्यायामाचे एक मिनिट ढोबळमानाने मध्यम व्यायामाच्या दोन मिनिटांबरोबर धरले जाते. याखेरीज आठवड्यातून किमान दोन दिवस प्रमुख स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम करावेत, असेही त्यात म्हटले आहे. सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल हिशेबात न धरण्याची पूर्वीची अट या सूचनांत काढून टाकण्यात आली. त्यामुळे जिना चढण्याची चार मिनिटेही या बेरजेत येतात.

जिन्याचे महत्त्व तसे जुनेच आहे. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या सार्वजनिक वाहतुकीतील चालक आणि वाहक यांची तुलना करून १९५३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसचे जिने चढउतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. वाहकांनी कोणतेही नवे तंत्र वापरले नव्हते. त्यांची हालचाल रोजची होती, हेच त्यांचे बळ होते. विविधतेच्या नादात हे रोजचेपण हरवू देऊ नये.

बदलण्याजोग्या चार गोष्टी

कार्डिओत यंत्र, तीव्रता, कालावधी आणि मांडणी या चार गोष्टी बदलता येतात. यंत्र बदलले, की कोणते स्नायू आणि सांधे काम करतात ते बदलते. तीव्रता बदलली, की हृदयावर पडणारा भार बदलतो. कालावधी वाढवला, की दमसास वाढतो. मांडणी म्हणजे श्रम आणि विश्रांती यांचा क्रम; एकाच संथ लयीत तीस मिनिटे काढायची की चढउतार करत, हे त्यावरून ठरते. एका वेळी या चारपैकी एकच गोष्ट बदलावी आणि तो बदल किमान तीन-चार आठवडे ठेवावा. रोज सगळेच बदलले, तर प्रगती झाली की नाही हे कळायला मार्ग उरत नाही.

आपल्याकडच्या तालमींनी ही रीत पूर्वीपासून पाळली आहे. मल्लाचा दिवस केवळ कुस्तीत जात नाही. जोर, बैठका, धावणे, दोर चढणे, मल्लखांब आणि आखाड्याची तांबडी माती खणणे, असा त्याचा मेहनतीचा क्रम असतो. प्रत्येक प्रकार शरीराच्या वेगळ्या भागाकडून काम करून घेतो आणि एक भाग थकला असता दुसऱ्याला संधी देतो. यंत्रे नवी असली, तरी तत्त्व तेच आहे.

तीव्रता मोजायची कशी?

सर्वांत सोपी कसोटी बोलण्याची. व्यायाम करता करता गप्पा मारता येतात, पण गाणे म्हणता येत नाही, अशी स्थिती असेल तर तीव्रता मध्यम समजावी. चार शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावे लागत असेल, तर ती जोरकस. गाणेही सहज म्हणता येत असेल, तर वेग वाढवायला हरकत नाही.

दुसरी पद्धत नाडीची. २२० वजा वय हे कमाल हृदयगतीचे सूत्र बहुतेक जिममध्ये भिंतीवर लावलेले असते. वय ४५ असल्यास कमाल गती १७५ येते. तिच्या ६४ ते ७६ टक्के, म्हणजे मिनिटाला सुमारे ११२ ते १३३ ठोके ही मध्यम तीव्रता. त्यापुढे ९५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे सुमारे १६६ ठोक्यांपर्यंत जोरकस. २००१ साली हिरोफुमी तानाका आणि सहकाऱ्यांनी २०८ वजा वयाच्या ०.७ पट, असे सुधारित सूत्र मांडले. पंचेचाळिशीत दोन्ही सूत्रांची उत्तरे जवळपास सारखी येतात. पासष्टीत मात्र जुन्या सूत्राने १५५, तर नव्याने १६२ ते १६३ असे उत्तर येते. दोन्ही सूत्रे सरासरीची आहेत. प्रत्यक्षात एखाद्याची कमाल गती त्याहून दहा-बारा ठोक्यांनी कमी-जास्त असू शकते. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गटातील औषधे घेणाऱ्यांची नाडी औषधामुळेच कमी राहते. त्यांनी या आकड्यांच्या मागे लागू नये.

अशा वेळी स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नर बोर्ग यांची श्रमपट्टी उपयोगी पडते. ६ ते २० अशा आकड्यांत व्यक्तीने स्वतःला जाणवणारे श्रम सांगायचे असतात. ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत आणि २० म्हणजे शर्थ. १२ ते १३ हा मध्यम, तर १४ ते १७ हा जोरकस व्यायामाचा पट्टा मानला जातो.

यंत्रांची ओळख नव्याने

ट्रेडमिल : या यंत्रावर बहुतेकांचे बोट वेगाच्या कळीवर असते, चढाची कळ कोणी दाबत नाही. खरी विविधता त्या कळीत आहे. प्राणवायूच्या गरजेचे प्रचलित समीकरण वापरले, तर सपाटीवर ताशी ५ किलोमीटर वेगाने चालण्याच्या तुलनेत ५ टक्के चढावर त्याच वेगाने चालताना सुमारे ६० टक्के अधिक प्राणवायू लागतो. १० टक्के चढावर ही गरज दुपटीहून जास्त होते. ताशी ६ किलोमीटर वेगाने १० टक्के चढ चालणे आणि ताशी ८ किलोमीटर वेगाने सपाटीवर धावणे, यांत हृदयाला जवळजवळ सारखेच काम पडते. गुडघ्यांवरचे आघात मात्र चालण्यात पुष्कळ कमी असतात. हृदयरोगतज्ज्ञ याच गुणाचा उपयोग करून घेतात. स्ट्रेस टेस्टसाठी रूढ असलेली रॉबर्ट ब्रूस यांची पद्धत १९६३ साली मांडली गेली. तिचा पहिला टप्पा ताशी अवघ्या २.७ किलोमीटर वेगाचा असतो, पण चढ १० टक्के असतो. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. तिसऱ्या टप्प्यात ताशी साडेपाच किलोमीटर आणि १४ टक्के चढ येईपर्यंत भल्याभल्यांना धाप लागते. चढ लावल्यावर समोरचा दांडा धरून मागे रेलू नये. तसे केल्यास शरीराचा भार हातांवर जातो आणि पडद्यावरचा आकडा फसवा ठरतो.

सायकल : वजन आसनावर पेलले जात असल्याने गुडघे आणि घोटे यांच्यावर आघात होत नाहीत. स्थूल व्यक्तींना आणि टाचदुखी असणाऱ्यांना ही सोयीची. आसनाची उंची मात्र नीट हवी. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. आसन फार खाली असेल, तर गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो. फार वर असेल, तर कंबर डाव्या-उजव्या बाजूला झुलते. पाठदुखी असणाऱ्यांनी पाठ टेकून बसण्याची सायकल निवडावी.

क्रॉस ट्रेनर : पाऊल पट्टीवरून न उचलता धावण्यासारखी हालचाल आणि जोडीला हातांचे काम, असे याचे स्वरूप आहे. धावण्याचा मार सोसत नसलेल्यांना हा चांगला पर्याय. हात नुसते दांड्यावर ठेवून दिले, तर अर्धा फायदा जातो. ते ढकलावे आणि ओढावेत. पाच-पाच मिनिटे उलट दिशेने चालवल्यास मांडीच्या स्नायूंवरील भाराची वाटणी बदलते.

रोइंग मशीन : नाव वल्हवण्याची नक्कल करणारे हे यंत्र अनेक जिममध्ये कोपऱ्यात धूळ खात असते. पाय, पाठ आणि हात असे शरीरातील बहुतेक मोठे स्नायू एकाच हालचालीत वापरणारे यंत्र दुसरे क्वचितच. क्रम चुकला, की कंबर धरते. आधी पायांनी ढकलावे, मग धड किंचित मागे न्यावे, शेवटी हात छातीकडे ओढावेत. परतताना नेमका उलटा क्रम : हात, धड, पाय. हवेच्या पंख्याच्या यंत्रावर बाजूला १ ते १० आकड्यांची खिट्टी असते. ती १० वर ठेवण्यात पराक्रम मानला जातो. नवशिक्यांनी ती ३ ते ५ वर ठेवावी आणि जोर पायांतून काढावा.

स्टेपर : जिना चढण्याचे हे यंत्र मांड्या आणि नितंब यांना चांगलेच कामाला लावते आणि नाडी झपाट्याने वाढवते. म्हणून नवशिक्यांनी पाच मिनिटांपासून सुरुवात करावी. पुढे वाकून कठड्यावर भार टाकू नये.

हृदयाला मिळणारा लाभ या सर्व यंत्रांत बराचसा सामाईक असतो. स्नायूंना मिळणारा सराव मात्र ज्या त्या यंत्राचा असतो. त्यामुळे जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनची तयारी करणाऱ्याने केवळ सायकलवर विसंबून चालणार नाही. त्याने निम्म्याहून अधिक वेळ धावण्याला देऊन उरलेल्या वेळात इतर यंत्रे वापरावीत. निव्वळ आरोग्यासाठी व्यायाम करणाऱ्यांवर हे बंधन नाही.

लय बदलणाऱ्या पद्धती

संथ दीर्घ पद्धत : गप्पा मारता येतील अशा वेगाने ४० ते ६० मिनिटे. हा सगळ्या कार्डिओचा पाया आहे. दमसासाचे खेळ खेळणारे जागतिक दर्जाचे खेळाडूही आपल्या सरावाचा मोठा भाग हलक्या तीव्रतेवर ठेवतात, असे नॉर्वेत संशोधन करणारे स्टीफन सायलर यांनी दाखवून दिले आहे.

इंटरव्हल पद्धत : जोराचा एक टप्पा, त्यानंतर सावरण्याचा एक टप्पा, अशी ही आलटून पालटून रचना असते. जर्मनीत १९३०च्या दशकात प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि हृदयतज्ज्ञ हर्बर्ट राइंडेल यांनी तिला शास्त्रीय रूप दिले. नाडी १२०च्या आसपास उतरल्यावरच पुढची फेरी घ्यायची, असा त्यांचा दंडक होता. पुढे चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक याने अशाच तुकड्यातुकड्यांच्या धावण्यावर भर दिला आणि १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ५ हजार मीटर, १० हजार मीटर व मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदके पटकावली. नवशिक्यांनी सायकलवर एक मिनिट जोर आणि दोन मिनिटे सावरणे, अशा सहा फेऱ्यांपासून आरंभ करावा.

चार गुणिले चार : नॉर्वेतील संशोधकांनी अभ्यासलेल्या या पद्धतीत कमाल हृदयगतीच्या ९० ते ९५ टक्क्यांवर चार मिनिटे, मग ७० टक्क्यांच्या आसपास तीन मिनिटे, अशा चार फेऱ्या असतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, एकूण काम सारखे ठेवूनही प्राणवायू वापरण्याची क्षमता संथ धावण्यापेक्षा या पद्धतीने अधिक वाढल्याचे दिसले. ही पद्धत किमान तीन-चार महिने नियमित व्यायाम झालेल्यांसाठीच योग्य आहे.

फार्टलेक : स्वीडनचे प्रशिक्षक यॉस्टा होल्मेर यांनी १९३०च्या दशकात ही पद्धत रुजवली. स्वीडिश भाषेत या शब्दाचा अर्थ ‘वेगाचा खेळ’ असा होतो. घड्याळाऐवजी मनाप्रमाणे वेग बदलत जायचे. जिममध्ये गाणी ऐकत व्यायाम करणाऱ्यांना ही फार सोपी आहे. कडवे चालू असताना साधा वेग, ध्रुवपद आले की वेग वाढवायचा. कंटाळ्यावर याहून स्वस्त औषध नाही.

ताबाता : जपानचे संशोधक इझुमी ताबाता यांच्या १९९६ सालच्या अभ्यासामुळे प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीत २० सेकंद कमालीचा जोर आणि १० सेकंद विश्रांती, अशा सात-आठ फेऱ्या असतात. चार मिनिटांत सारे आटोपते, म्हणून तिचे आकर्षण मोठे. मात्र तो अभ्यास आधीच तंदुरुस्त असलेल्या तरुणांवर, सायकलवर आणि अतिशय मोठ्या भारावर झाला होता. पन्नाशीतील नवशिक्याने समाजमाध्यमांवरील चित्रफिती पाहून तिच्या वाटेला जाऊ नये.

एका आठवड्याची आखणी

दोन-तीन महिने नियमित चालण्याची सवय झालेल्या निरोगी व्यक्तीसाठी आठवडा असा आखता येईल.

सोमवार : ट्रेडमिलवर चढाचे चालणे, ३५ मिनिटे. दर पाच मिनिटांनी चढ २, ४, ६ टक्के असा वाढवत न्यावा आणि त्याच क्रमाने उतरवावा.

मंगळवार : वजने आणि बळकटीचे व्यायाम.

बुधवार : सायकलवर इंटरव्हल, आरंभीची व शेवटची हलकी मिनिटे धरून ३० मिनिटे.

गुरुवार : विश्रांती, किंवा संथ गतीने काही सूर्यनमस्कार.

शुक्रवार : मिश्र कार्डिओ, ३५ मिनिटे. क्रॉस ट्रेनरवर १५, रोइंगवर १० आणि पुन्हा क्रॉस ट्रेनरवर १० मिनिटे.

शनिवार : वजने आणि बळकटीचे व्यायाम.

रविवार : संथ दीर्घ व्यायाम, ५० मिनिटे. शक्य असेल तर जिमबाहेर, एखाद्या टेकडीवर किंवा मैदानात. पावसाळ्यात ट्रेडमिल आहेच.

कार्डिओची बेरीज १५० मिनिटे होते. त्यातला खरा जोरकस दिवस एकच आहे. पुढे दुसरा वाढवायचा असल्यास दोन जोरकस दिवसांत किमान ४८ तासांचे अंतर असावे. चार आठवड्यांनी एकच गोष्ट बदलावी : सोमवारचा चढ, बुधवारच्या फेऱ्या किंवा रविवारची मिनिटे. एकाच दिवशी वजने आणि कार्डिओ दोन्ही करायचे असल्यास आपल्याला जे साध्य करायचे आहे त्याचा व्यायाम आधी घ्यावा.

प्रगती पाहण्यासाठी महिन्यातून एकदा जुना, न बदलणारा व्यायाम मुद्दाम करावा. त्याच वेगाने आणि त्याच चढावर दहा मिनिटे चालून शेवटची नाडी वहीत लिहावी. एका मिनिटाने पुन्हा मोजावी. त्याच कामाला नाडी कमी लागत असेल आणि ती लवकर उतरत असेल, तर वजनाचा काटा काहीही सांगो, हृदय सुधारले आहे. यंत्राच्या पडद्यावर दिसणाऱ्या कॅलरी हा मात्र अंदाज असतो आणि तो बरेचदा चढाच असतो. त्या आकड्यावर भिस्त ठेवून परतताना वडापाव खाल्ल्यास हिशेब उलटा पडतो.

सावधगिरी

मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार असणाऱ्यांनी, घराण्यात कमी वयात हृदयविकार झालेल्यांनी आणि अनेक वर्षे बैठे जीवन जगलेल्या चाळिशीपुढील व्यक्तींनी जोरकस पद्धती सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. छातीत दडपण, जबडा, खांदा किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, भोवळ, थंड घाम किंवा श्रमाच्या मानाने भलतीच धाप जाणवल्यास व्यायाम तत्काळ थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी. ‘आणखी दोनच मिनिटे’ हा आग्रह अशा वेळी घातक ठरतो. इन्शुलिन किंवा साखर उतरवणारी काही औषधे घेणाऱ्या मधुमेहींनी उपाशीपोटी इंटरव्हल करू नयेत. रक्तातील साखर एकदम खाली जाण्याचा धोका असतो.

प्रत्येक व्यायामापूर्वी पाच ते दहा मिनिटे हलकी हालचाल आणि शेवटी तेवढाच वेळ वेग उतरवत नेणे आवश्यक आहे. जोरकस व्यायामानंतर एकदम थांबल्यास पायांत रक्त साचून राहते आणि चक्कर येऊ शकते. नव्या यंत्रावर पहिले दोन आठवडे नेहमीच्या निम्म्या वेळापासून सुरुवात करावी. हृदय तयार असले, तरी त्या हालचालीची सवय नसलेले स्नायू आणि स्नायुबंध तयार नसतात. ताप असताना व्यायाम टाळावा. कोकण किनाऱ्यासारख्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर लवकर तापते, म्हणून पंखा नसलेल्या जागी तीव्रता कमी ठेवावी व पाणी पीत राहावे.

मिळवलेली क्षमता साठवून ठेवता येत नाही. सराव पूर्ण बंद झाल्यास दोन ते तीन आठवड्यांतच ती घसरू लागते. म्हणून कामाच्या धबडग्यात एखाद्या दिवशी तीस मिनिटे मिळाली नाहीत, तर दहा मिनिटांचा जिना तरी चढावा. तो दिवस कोरा सोडू नये. विविधतेचा खरा उपयोग येथेच होतो. ज्याला एकच व्यायाम येतो, त्याचा तो बंद पडला की सारेच बंद पडते. गुडघा दुखला तर सायकल, पाऊस आला तर ट्रेडमिल, वीज गेली तर जिना आणि गावी गेले तर बांधावरून भरभर चालणे, असे पर्याय ज्याच्या हाताशी आहेत, त्याच्या व्यायामात खंड पडण्याची कारणे एकेक करून कमी होत जातात.